अडचणीची बंदूक

अमेरिकेतल्या घरात गणपतीची तसबीर टांगायला ज्याने पहिल्यांदा खिळा ठोकला, त्याला त्या घराची जात तेव्हा कळते. दोन ठोक्यांत खिळा आत जातो आणि नुसता लोंबत राहतो. भिंत म्हणजे अर्धा इंच जाडीचा जिप्समचा फळा, मध्ये पोकळी आणि पलीकडे तसाच दुसरा फळा. या फळ्यांना धरून ठेवणारा लाकडी खांब नेमका कुठे आहे ते शोधायला हातात मावणारं एक यंत्र मिळतं. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते आणलं होतं. विटांच्या घरात वाढलेल्या माणसाला याची गंमत वाटते. बंदुकीचा विषय निघाला की ती गंमत जाते.

तो विषय गेल्या दिवाळीनंतर निघाला. त्यांच्या वसाहतीत एका तेलुगू कुटुंबाकडे चोरी झाली. घरचे लोक देवळात गेले होते, चोरांनी थेट झोपायच्या खोलीतलं कपाट फोडून सोनं नेलं. आठवडाभराने भावाचा फोन आला आणि त्याने सरळ विचारलं, “दादा, पिस्तूल घेऊ की शॉटगन?” मी पुण्यात राहतो, अमेरिकेत दोनदा गेलोय, दोन्ही वेळा भांडी घासून आलो. मला विचारण्याचं कारण एवढंच की त्याच्या आजोळी, म्हणजे राजापूरकडच्या आमच्या घरी, बंदूक होती.

ती बारा बोअरची एकनळी, म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगनच, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं भातात शिरली की बार काढून हुसकावायची, एवढंच तिचं काम. बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली असे. काडतुसं आजीच्या फडताळात आणि फडताळाची किल्ली आजीच्या कमरेला. रात्री ओरडा झाला की काका शिडी लावून माळ्यावर चढणार, बंदूक उतरवणार, मग आजीला उठवणार. आजी “किती आहेत? खरंच आहेत ना?” असं विचारून दोन काडतुसं मोजून हातावर ठेवणार. तोवर डुकरं शेजारच्या कुणग्यात गेलेली असत. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पुन्हा खेपा घालून सोडवून आणायची. काका या सगळ्या अडचणीवर आयुष्यभर चिडत राहिले. मला आता वाटतं की त्या बंदुकीतली सर्वांत चांगली गोष्ट ती अडचणच होती. भावाच्या प्रश्नाला माझं उत्तर यातूनच निघतं; फक्त ते त्याच्या देशातल्या वस्तुस्थितीवर घासून पाहायला हवं.

हा प्रश्न त्याला आत्ताच का पडला, यालाही एक कायदेशीर कारण आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके, आणि त्यांतला एक मोठा मासलेवाईक: शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं. म्हणजे हरणासाठी चालतं, चोरासाठी नाही. ग्रीन कार्ड आलं की ही मनाई उठते. भावाला ते गेल्या वर्षी मिळालं. टेक्सासमध्ये त्यापुढे फारसं काही करावं लागत नाही. दुकानात जायचं, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची, बंदूक घेऊन घरी यायचं. २०२१च्या सप्टेंबरपासून तर बहुतेक प्रौढांना पिस्तूल अंगावर बाळगायलाही तिथे परवाना लागत नाही. त्याचा कॉलेजातला मित्र न्यू जर्सीत, एडिसनला असतो. तिथे लांब बंदुकीसाठी, म्हणजे रायफल किंवा शॉटगनसाठी, एक ओळखपत्र काढलं की झालं, पण प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते.

लांब बंदूक आणि पिस्तूल यांतला हा फरक अमेरिकेच्या कायद्यात जागोजाग सापडतो. १९६८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार १८ वर्षांच्या माणसाला रायफल किंवा शॉटगन विकू शकतो, पिस्तुलासाठी मात्र २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याच्याही मागे, १९३४मध्ये, टोळीयुद्धांच्या काळात जो पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला, त्याच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. लोक लांब बंदूक कापून तिचं पिस्तूल करतील, म्हणून आखूड नळीच्या शॉटगन आणि रायफलीही यादीत घातल्या. पुढे विरोध झाला, पिस्तुलं यादीतून गळली आणि कापलेल्या बंदुका तशाच राहिल्या. त्यामुळे आजही शॉटगनची नळी १८ इंचांहून कमी असली तर तिची सरकारदरबारी खास नोंद लागते आणि चार इंच नळीचं पिस्तूल मात्र खुशाल विकत मिळतं. कायदा असा वाकडातिकडा झाला खरा, पण मूळ भीती बरोबर होती: बंदूक जितकी लहान, तितकी ती नको तिथे पोचते.

आता भावाची बाजू. त्याची भीती खोटी नाही. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे तिथल्या चोरांना माहीत आहे. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत भारतीय आणि इतर आशियाई वंशाची कुटुंबं हेरून, घरात घुसून, माणसांना बांधून, बंदुकीच्या धाकावर लूट केली. टोळीची सूत्रधार एक बाई होती. मिशिगनच्या फेडरल कोर्टाने तिला ३७ वर्षांची कैद दिली. अशी बातमी वाचलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवणं उर्मटपणाचं ठरतं. तरी ऐकवावी लागते, कारण बंदूक त्या एका रात्रीसाठी घेतली तरी ती उरलेल्या सगळ्या रात्री घरातच राहते.

आधी निव्वळ हत्यार म्हणून पाहू, कारण भावाने आठवडाभर तेच पाहिलं होतं आणि त्याच्याकडे माहितीचा ढीग होता. लांब बंदूक खांद्याला टेकते, गाल दस्त्यावर येतो, दोन्ही हात गुंततात. चार ठिकाणी आधार मिळाल्यावर नेम स्थिर राहतो. पिस्तुलाला आधार फक्त मनगटांचा. हात किंचित थरथरला की दहा पावलांवर गोळी बरीच बाजूला जाते. मध्यरात्री झोपेतून उठलेल्या, छाती धडधडणाऱ्या माणसाचा हात थरथरणारच. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास करून २००८मध्ये अहवाल दिला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांचा नेम लागण्याचं प्रमाण त्यात १८ टक्के निघालं. हे पगारी, शिकवून तयार केलेले लोक. शनिवारी तासभर रेंजवर जाणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनियरचं काय होईल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शॉटगनच्या नावावरही दोन दंतकथा खपतात. एक, तिला नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात. पसरतात खरे, पण अंतर वाढेल तसे. साधारण यार्डाला एक इंच असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छर्ऱ्यांचा घोस मुठीएवढा, फार तर तळहाताएवढा. नेम चुकला की सगळेच चुकले. दुसरी दंतकथा काडतूस चढवणाऱ्या पंपाच्या आवाजाची: तो ‘खटाक्-खटाक्’ ऐकला की चोर पळून जातो म्हणे. पळेलही. पण आवाज ऐकवायचा म्हणून ज्याला हत्यार घ्यायचंय त्याने कुत्रा पाळावा.

मग भिंत येते. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी असले जिप्समचे फळे एकामागून एक भेदत जाते. शॉटगनच्या बकशॉटचे जाड छर्रेही जातात. गंमत अशी की रायफलीची हलकी, वेगवान गोळी पहिल्या-दुसऱ्या भिंतीतच डळमळून कोलांट्या घेऊ लागते किंवा फुटते. दिसायला भयंकर असलेली रायफल या एका बाबतीत पुष्कळदा पिस्तुलापेक्षा सौम्य ठरते. पण एका भिंतीत खात्रीने थांबेल असं कुणीच नाही. पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे त्यातल्या त्यात लवकर थकतात, पण ते माणसालाही खात्रीने थांबवत नाहीत. भावाच्या जिन्याच्या टोकाशी उभं राहून खाली नेम धरला, तर मागच्या बाजूला त्याच्या आईची खोली आहे. आत्या वर्षातले सहा महिने तिथेच असते. राजापूरच्या जांभ्याच्या भिंतीआड हा प्रश्न कधी कुणाला पडला नसता.

या सगळ्या तुलनेतून तांत्रिक निष्कर्ष काय निघतो? दोन्हीकडून वाद घालता येतो. तिथले बरेच प्रशिक्षक सांगतात की घरभर चोर शोधत हिंडू नका. सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, पलंगाआड बसा, ९११ला, म्हणजे पोलिसांना, फोन करा. या योजनेत लांब बंदूक सरस, कारण अरुंद बोळात वळवायला सोपं हा पिस्तुलाचा मुख्य फायदाच उरत नाही. पण मुलांच्या खोल्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला असतील तर मुलांना आणायला जावंच लागेल, आणि कडेवर मूल घेऊन शॉटगन चालवता येत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही नेला नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६पासून पिस्तुलांवर बंदी होती. लांब बंदूक घरी ठेवता येत असे, पण सुटी करून किंवा खटक्याला कुलूप घालून. २००८च्या जूनमध्ये ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही बंदी मोडीत काढली आणि कुलपाची सक्तीही. शॉटगन ठेवायला मुभा आहे ना, मग पिस्तूल कशाला, या युक्तिवादाला न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी निकालपत्रात उत्तर दिलं आहे. गृहरक्षणासाठी माणूस पिस्तूल का पसंत करील याची कारणं त्यांनी मोजून दिली: ते पटकन हाती लागेल अशा जागी ठेवता येतं, हल्लेखोराला ते सहज हिसकावता येत नाही, अंगात फार ताकद नसलेल्यालाही ते उचलून रोखता येतं, आणि एका हाताने चोरावर रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावता येतो.

मी हा उतारा बऱ्याचदा वाचलाय. गृहरक्षणासाठी पिस्तुलाची याहून नेटकी वकिली माझ्या वाचनात नाही. पण यातलं एकेक कारण घ्या, चोराला बाजूला काढा आणि त्याच घरात एरवी वावरणारी माणसं तिथे उभी करा. पटकन हाती लागतं, कुणाच्या? ताकद लागत नाही, कुणाला? २०२३च्या ६ जानेवारीला व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने आईचं पिस्तूल दप्तरातून शाळेत नेलं आणि वर्गशिक्षिकेवर झाडलं. बाई वाचल्या. पिस्तूल कायदेशीररीत्या घेतलेलं होतं. स्कालियांचे निकष त्या मुलाने तंतोतंत पूर्ण केले: ते जवळ होतं, हलकं होतं, त्या इवल्या हाताला पेललं. शॉटगन दप्तरात मावली नसती. सहा वर्षांच्या मुलाने ती माळ्यावरून उतरवली असती तर धप्पकन आवाज झाला असता आणि आजी उठली असती.

पिस्तुलाचे दोष म्हणून वेगळे काही शोधावे लागत नाहीत. न्यायालयाने गुण म्हणून जे मोजले तेच ते आहेत, फक्त माणूस बदलायचा. आणि माणूस बदलण्याची शक्यता किती? अमेरिकेच्या न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ ते २००७ या वर्षांचा घरफोड्यांचा हिशेब मांडला होता. वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या. त्यांपैकी घरात कुणी हजर होतं अशा सुमारे २८ टक्के. प्रत्यक्ष मारहाण किंवा हिंसा झाली अशा एकूण सात टक्के. त्या सात टक्क्यांतही बहुतेक वेळा, शंभरांत ६५ वेळा, हल्ला करणारा ओळखीचा निघाला: जुना नवरा, मित्र, नातलग, शेजारी. काळोखात चाहूल न देता शिरणारा अनोळखी इसम, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो या आकड्यांत आहे, पण फार थोडा आहे. उलट, रिकाम्या घरातली बंदूक ही चोराला सोन्याखालोखाल आवडणारी वस्तू. २००५ ते २०१० या सहा वर्षांत चोऱ्या-घरफोड्यांत सुमारे १४ लाख बंदुका गेल्या. भावाच्या शेजाऱ्यांकडे चोरी झाली तेव्हा ते देवळात होते, हे मी त्याला पुन्हा आठवून दिलं. उशाखालचं पिस्तूल देवळात नेणार होतास का?

दुसरीकडे, २०२३मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यांतल्या २७,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून बऱ्याच जास्त. आपल्याकडे पोचणाऱ्या बातम्या शाळांतल्या आणि मॉलमधल्या गोळीबारांच्या असतात, त्यामुळे हा आकडा ऐकून लोक चमकतात. कॅलिफोर्नियात २ कोटी ६३ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा माग घेणारा अभ्यास २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांनी स्वतःवर गोळी झाडून जीव देण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट होतं, बायकांमध्ये पस्तीसपट. मरायचंच म्हणून पिस्तूल घेणारेही यात असणार, ही शंका रास्त आहे. पण निम्म्याहून अधिक मृत्यू पिस्तूल घेतल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावरचे होते. बंदुकीचा प्रयत्न दहापैकी नऊ वेळा प्राणघातक ठरतो; फेरविचाराला जागाच उरत नाही. हा अभ्यास पिस्तुलांपुरता होता, त्यामुळे लांब बंदूक किती पटींनी बरी हे त्यातून सांगता येणार नाही, आणि लांब बंदुकीनेही लोक जीव देतात. मला एवढंच म्हणायचंय: ज्या वाईट तासाभरात माणसाला स्वतःपासून वाचवायचं असतं, त्या तासाभरात शिडी, कुलूप आणि दुसऱ्या माणसाकडची किल्ली हेच खरं गृहरक्षण.

राजकारणात हे सगळं उलटं चालतं. मोठ्या गोळीबारानंतर मागणी येते ती रायफलींवरच्या बंदीची, कारण त्या सैनिकी दिसतात आणि त्यांनी थोड्या मिनिटांत फार माणसं मारता येतात. ती मागणी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण एफबीआयच्या २०१९च्या तक्त्यात पाहा: पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झालेले खून ६,३६८, रायफलीने ३६४, शॉटगनने २००. खूनही मुख्यतः लहान बंदुकीचेच. पण पिस्तुलाला हात लावायची हिंमत हेलर निकालानंतर कुणात नाही आणि तशी इच्छाही फारशी दिसत नाही. १९९९च्या एका पाहणीत बंदूकधारकांपैकी ४९ टक्के लोकांनी मुख्य कारण शिकार सांगितलं होतं, संरक्षण सांगणारे २६ टक्के. २०२३मध्ये प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण असल्याचं सांगितलं. पंचवीस वर्षांत बंदूक रानातून घरात, माळ्यावरून उशाशी आली.

लांब बंदुकीची शिफारस करणारा मी पहिला नाही. २०१३च्या फेब्रुवारीत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी जाहीर सल्ला दिला होता की रायफल कशाला, दुनळी शॉटगन घ्या. बायकोला आपण सांगून ठेवलंय, काही गडबड वाटली तर बाल्कनीत ये आणि दोन बार काढ. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसरा अर्धा वेडगळ आहे, कारण हवेत झाडलेले बार कुठेतरी पडतात आणि वस्तीत असं झाडणं पुष्कळ ठिकाणी गुन्हाही आहे. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १४ तारखेला, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने न्हाणीघरातल्या संडासाच्या बंद दारातून नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, असं तो म्हणाला. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. पुढे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने तो खूनच ठरवला.

आणि बंदुकीची लांबी भीतीवर औषध नाही, हेही कबूल करायला हवं. २०२३च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या घरमालकाने काचेच्या दाराआडून रिव्हॉल्व्हर झाडलं. मुलगा कसाबसा वाचला. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हेब्रन नावाच्या खेड्यात रस्ता चुकून भलत्याच आवारात वळलेल्या गाडीवर घरमालकाने शॉटगन चालवली आणि वीस वर्षांची मुलगी गेली. एकाकडे आखूड बंदूक होती, दुसऱ्याकडे लांब. दोघांकडेही दार न उघडता पोलिसांना फोन करायला भरपूर वेळ होता. आतेभावाच्या दारावर दिवाळीला, गणपतीला, पोरांच्या वाढदिवसाला रात्री दहा वाजता किती अनोळखी गाड्या येतात ते मी पाहिलंय. निम्म्या लोकांना घराचा नंबर सापडत नाही.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर एकच वाटतो. जिचा जुना नवरा दारू पिऊन दारावर येतो, पोलीस ठाणं चाळीस मैल दूर आहे, अंगात ताकद बेताची आहे, तिला मी “शिडी लाव, किल्ली आजीकडे माग” असं सांगू शकत नाही. तिच्यासाठी पिस्तूल हे योग्य उत्तर असूही शकतं. निदान तिच्या धोक्याला नाव आहे आणि चेहरा आहे. फ्रिस्कोत मात्र पोलिसांची गाडी काही मिनिटांत येते, घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि धोका अजून चेहऱ्याविना आहे. निराळ्या माणसासाठी केलेला युक्तिवाद स्वतःच्या घराला लावून घेण्याची सवय तिथल्या बंदुकीच्या दुकानदारांनी ग्राहकांना लावली आहे. भावाला दुकानात विचारलं गेलं, “घरी कोण आहे तुझ्या भरवशावर?” घरी कोण रागीट आहे, कोण उदास आहे, कोण चौदा वर्षांचं आहे, हे विचारलं गेलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न याच रूपात उभा राहत नाही, कारण परवानाच सहज मिळत नाही. पण ज्यांना मिळतो ते काय मागतात ते पाहा. खेड्यातला शेतकरी बारा बोअर मागतो. शहरातला बिल्डर, नगरसेवक, त्यांच्या मागेपुढे फिरणारा माणूस पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागतो, आणि ते फडताळात न ठेवता कमरेला लावतो. २०२४च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेता गोविंदा याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना सुटलं आणि गोळी पायात शिरली. संतोष देशमुख हत्येनंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त बंदूक-परवाने असल्याची चर्चा झाली, मग रद्द करण्याची मोहीम निघाली. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. संख्या मोजली, लांबी नाही. माझ्या मते बारा बोअर आणि कमरेचं पिस्तूल हे एकाच परवान्याचे दोन प्रकार मानणंच चूक आहे.

भावाला मी सांगितलं ते असं. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. झोपायच्या खोलीला चांगलं, भरीव दार बसव. तुझी सध्याची आतली दारं पोकळ आहेत, लाथेने मोडतील. कॅमेरा आणि बाहेरचा दिवा लाव. एवढं केल्यावर बंदूक घेऊ नकोस. घ्यायचीच असेल तर लांब घे, कुलूपबंद घे, काडतुसं वेगळ्या खोलीत ठेव आणि किल्ली तुझ्या बायकोकडे दे, कारण ती तुला “किती आहेत? खरंच आहेत ना?” असं विचारेल. तो म्हणाला, “दादा, मग तिचा उपयोग काय?” मी म्हटलं, डुकरांना विचार.

मार्चमध्ये त्याने शॉटगन घेतल्याचं कळवलं. फोटोत ती काळी, चकचकीत, वरच्या मजल्यावरच्या कपाटात उभी होती, शेजारी आत्याच्या शालींची चळत. कपाटाला आकड्यांचं कुलूप होतं, हे पाहून बरं वाटलं. लॉकरचंही काम झालं होतं. मी विचारलं, काडतुसं कुठे ठेवलीस?

“त्याच कपाटात,” तो म्हणाला. “वरच्या खणात.”